चाकाशेजारचा माणूस

इरा आणि अन्वय, मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला एक प्रश्न विचारलात. माझ्या पाठीमागची भिंत बघून इरा म्हणाली, "आजी, तुझे जुने फोटो स्क्वेअर कसे? स्क्वेअर फोटो तर फोनमुळे आले ना?" आणि अन्वयला काही फोटो बारीक, लांबुळके का दिसतात ते जाणून घ्यायचे होते. तेवढ्यात तुमच्या आईने "आजीची गोळीची वेळ झाली" म्हणून विषय मिटवला. गोळी मी घेतली, प्रश्न मात्र राहिला. इकडे एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाच्या आठवणी लिहून मागितल्या होत्या. तेव्हा दोन्ही कामे एकदमच करते. तुम्हाला वाचायला जड गेले तर आईकडून वाचून घ्या.

आधी चौरसाचे सांगते.

तुमच्या आजोबांचा स्टुडिओ महाद्वार रोडजवळच्या एका बोळात होता. गिऱ्हाइके त्यांना अण्णा म्हणत. त्यांचा कॅमेरा डोळ्याला लावायचा नव्हता, गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा होता. पुढून त्याला एकावर एक अशी दोन भिंगे. वरचे बघण्यासाठी, खालचे फोटोसाठी. डोक्यावरचे झाकण उघडले की एक काच दिसे आणि तिच्यावर समोरचे चित्र उमटे, पण आरशासारखे, डाव्याचे उजवे होऊन. माणूस उजवीकडे सरकला की काचेवर तो डावीकडे जाई. सरावाने आजोबांना त्याचे काही वाटत नसे. फोटो घेताना ते इतकी मान खाली घालत की खेड्यातल्या म्हाताऱ्या बायकांना वाटे हा आपल्याला नमस्कारच करतोय. "असू दे बाबा, औक्षवंत हो," असे म्हणत म्हणत त्यांचा फोटो निघे, त्यामुळे तोंड हमखास उघडे येई.

पोटाशी धरलेला कॅमेरा आडवा करता येत नाही. केला तर काचेत बघणार कसे? म्हणून तो कॅमेरा बनवणाऱ्याने फिल्मवरचे चित्रच चौरस ठेवले होते. सव्वादोन इंच लांब आणि तितकेच रुंद. उभा फोटो हवा की आडवा, ते नंतर ठरवा. हे नंतर ठरवण्याचे काम माझे.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि लग्नानंतर एखाद्या शाळेत शिकवीन असे मनात धरून होते. लग्न झाले साठच्या दशकात, आणि झाल्यावर महिनाभरातच आजोबांचा डार्करूममधला माणूस नोकरी सोडून गेला. "चार दिवस हात लाव," असे ते म्हणाले. ते चार दिवस वीस वर्षे चालले. माझ्या सासूबाई आल्यागेल्याला सांगत, "सून बी.ए. आहे, पण दिवसभर अंधारात कोंडून घेते." त्यात तक्रार किती आणि कौतुक किती, ते मला शेवटपर्यंत कळले नाही.

अडचण अशी होती की फोटोचा कागद मिळायचा तो आयताकृती. पोस्टकार्ड, कॅबिनेट, फुल, सगळी मापे लांबट. भिंतीवरच्या तसबिरी लांबट, कॅलेंडरे लांबट, त्यामुळे फ्रेमच्या पट्ट्या आणि काचाही त्याच मापाच्या. चौरस फोटो हातात दिला तर गिऱ्हाईक तो उलटसुलट करून म्हणे, "ह्यो तर अर्धाच हाय. बाकीचा कुठं हाय?" म्हणून चौरसाचा दोन्हीकडचा, नाहीतर खालचा-वरचा भाग काढून टाकायचा. कुठून काढायचा, हीच कला.

त्यासाठी माझे एक साधन होते. काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन. कच्ची छापील प्रत टेबलावर ठेवायची आणि हे दोन काटकोन तिच्यावर समोरासमोर ठेवून मागेपुढे सरकवायचे. मधली खिडकी लहान-मोठी, उभी-आडवी होते. जे खिडकीत ते फोटोत, बाकीचे केरात. सुरुवातीला मीच सरकवून दाखवत असे. पण माझे कापलेले लोकांना पटत नसे, आणि फ्रेम झाल्यावर "आमच्या मामांचा कोपर कुठं गेला?" असे भांडण निघे. मग मी काटकोन सरळ गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला लागले. तुम्हीच ठरवा. त्यातून मला एक फुकटची करमणूक मिळाली. माणूस स्वतःच्या फोटोतले काय ठेवतो आणि काय टाकतो, हे समोर बसून बघण्यासारखे असते.

कुरुंदवाडचा एक तरुण शेतकरी नवी सायकल घेऊन फोटो काढायला आला होता. सायकल लांब आणि तो उंच. आडव्या कागदावर बसवायचे तर त्याचे कपाळ जात होते. मी म्हटले, "मागचे चाक थोडे कापू या का?" त्याने काटकोन माझ्या हातातून काढून घेतले, दोन्ही चाके नीट आत आणली आणि म्हणाला, "सायकल पुरी येऊ दे वहिनी. डोसकं काय, सगळ्यास्नी ठावं हाय." आमच्या ओळखीचे एक वकील होते. त्यांनी पाठीमागच्या कपाटातली कायद्याची पुस्तके राखण्यासाठी स्वतःचा एक कान दिला.

कापलेल्या पट्ट्यांचा टेबलाखाली रोज ढीग होई. कोपर, पदराची टोके, खुर्चीचे हात, कुणाचे तरी अर्धे हसू. मी तो संध्याकाळी लोटून टाके. आता वाटते, त्यातल्या थोड्या ठेवायला हव्या होत्या. फोटो तर ज्याचे त्याने नेले. त्या वीस वर्षांतले माझ्या वाटचे जे होते ते टेबलाखाली होते.

आता ज्या फोटोसाठी हे सगळे लिहायला घेतले त्याच्याकडे येते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शिरोली एमआयडीसीत तेव्हा एकेक फाउंड्री उभी राहत होती. अशाच एका लहान फाउंड्रीचे मालक जयंतराव. तरुण इंजिनिअर, बोलणे भराभर आणि खिशाला कायम दोन पेने. ते ऑइल इंजिनची मोठी चाके ओतून घेत. इंजिन एका लयीत फिरत राहावे म्हणून त्याला जे जड लोखंडी चाक बसवतात, ते. एका औद्योगिक प्रदर्शनासाठी त्यांना कॅटलॉग छापायचा होता आणि त्यात या चाकाचा फोटो हवा होता. पांढरी चादर धरायला कुणीतरी लागणार म्हणून मीही आजोबांबरोबर गेले.

फाउंड्री मी पहिल्यांदाच बघत होते. मला वाटले होते लोखंड ठोकून चाक करत असतील. तिथे पाहते तर सगळीकडे काळी माती. लाकडाचे चाक करायचे, ते पेटीत ठेवून भोवती ही माती घट्ट दाबायची, लाकूड अलगद उचलून घ्यायचे आणि मातीत उरलेल्या पोकळीत वितळलेले लोखंड ओतायचे. थंड झाले की माती फोडून चाक बाहेर. म्हणजे खरे काम मातीचे. ते करणाऱ्याला मोल्डर म्हणतात. माती जरा सैल राहिली की चाकाला भोके पडतात आणि सगळे पुन्हा भट्टीत जाते.

फोटोसाठीचे चाक छातीइतके उंच होते, फळीवर उभे केलेले. खाली पाचरी लावल्या होत्या, तरी एक मोल्डर त्याला हात लावून उभा होता. पंचविशीचा, सडसडीत, कानामागे काळी माती. त्याचे नाव शांताराम कांबळे.

"फोटोत फक्त चाक पाहिजे," जयंतराव म्हणाले. आजोबांनी त्याला बाजूला व्हायला सांगितले.

"हुतो की बाजूला, अण्णा," तो म्हणाला, "पर मग चाक तुमच्याकडं यील. झेलशिला काय?"

आजोबा हसले. "मग राहा तिथंच. नंतर कापू."

पांढऱ्या चादरीपुढे चौरसात डावीकडे मोठे चाक आणि उजवीकडे शांताराम असा तो फोटो आला. त्याचा एक हात चाकाच्या कडेवर होता आणि नजर कॅमेऱ्याकडे न येता चाकावर खिळलेली होती. जयंतरावांनी दुकानात येऊन काटकोन सरकवले, शांतारामला पुरते बाहेर काढले आणि वर एक ताकीदही दिली. "अण्णा, या फोटोची प्रत कुणालाही द्यायची नाही. आमच्या चाकाचे आरे वाकडे आहेत, ते डिझाइन माझं आहे. लोक फोटोवरून नक्कल करतात."

आजोबांचा नियम सरळ होता. ज्याने काम सांगितले, फोटो त्याचा. त्यांनी मान हलवली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी शांताराम दुकानात आला. धुतलेला सदरा, भांग पाडलेला, माती मात्र कानामागे होतीच.

"या पावणं, बसा," आजोबा म्हणाले.

तो बसला नाही. "त्या फोटोत मी बी हाय म्हणं. मालकानं कापलाय तेवढा तुकडा मला मिळंल काय?"

आजवर मला कुणी कापलेला तुकडा मागितला नव्हता. मी विचारले, "फक्त तुकडा? त्यात तुम्ही एकटेच आहात. चाक नाही."

त्याचा चेहरा पडला. "चाक न्हाय? मग काय उपेग?"

"कशाला हवाय फोटो?"

त्याने आधी आजोबांकडे बघितले, मग माझ्याकडे, आणि मग दाराबाहेर बघत सांगितले. त्याचे गाव गारगोटीच्या पुढे. लग्न होऊन वर्ष झाले होते आणि बायको, सुमन, अजून गावीच होती, कारण त्याची आई तिला कोल्हापूरला पाठवायला तयार नव्हती.

"आई म्हनती, तू तिथं माती चाळतोस. मी म्हणलं, व्हय, चाळतो, पर त्यातनं लोखंडाचं चाक निघतंय. तर हसती. मातीतनं जोंधळा निघतो, चाक कुठलं निघतंय म्हनती. माती चाळायला पोराला शिकवला काय? आन् मातीच चाळायची तर हितंच चाळ की, सुनंला कशाला तिकडं धाडू?"

"तिला एकदा फाउंड्री दाखवा ना," मी म्हटले.

"बाहेरच्या मानसाला आत सोडत न्हाईत. आन् आई यष्टीत बसत न्हाय, तिला लागती." मग म्हणाला, "दिवाळीला फोटो दाखीव, मग बघू म्हनली हाय. म्हणजे मी आन् चाक, दोन्ही येका जागी दिसाय पायजेल."

माझ्या डोक्यात लगेच कोडे सुरू झाले. जयंतरावांना भीती होती आऱ्यांची. म्हणजे आरे न दाखवता शांताराम आणि चाक दोघेही दाखवता आले तर? मी कच्ची प्रत काढली, काटकोन घेतले आणि सरकवायला लागले. चाकाची फक्त बाहेरची कड ठेवली. आरे गेले, शांताराम राहिला, त्याचा हात राहिला. मला ते चांगलेच जमल्यासारखे वाटले. मी प्रत त्याच्याकडे फिरवली.

त्याने वाकून बघितले आणि मान हलवली. "ह्यात तर मी बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव धरल्यावानी दिसतोय. आई म्हणंल, गाड्या दुरुस्त करतोस काय रं?"

मी वरून कापून बघितले, खालून कापून बघितले. एकदा चाकाचा पाव भाग ठेवला, तर ते चाक न वाटता दळणाचे जाते वाटायला लागले. आजोबा कॅमेरा पुसत सगळे ऐकत होते. शेवटी मी त्यांच्याकडे बघितले. त्यांना माझे बघणे कळले.

"नाही," ते म्हणाले. "त्यांना शब्द दिलाय."

"पण अहो, एका म्हातारीला दाखवायचाय. ती काय नक्कल करणार आहे?"

उत्तर त्यांच्याऐवजी शांतारामने दिले. "नगं वहिनी. चोरून नगं. उद्या मालकाला कळलं तर नोकरी जाईल. मग फोटो दावून तरी काय करू? ज्येचं कामच गेलं त्येचा फोटो." तो पायरी उतरला आणि वळून म्हणाला, "मालकास्नी तुम्ही इचारून बगा. माझं तोंड न्हाय उचलत."

मी विचारणार होते. जयंतरावांच्या फाउंड्रीत एकदा फोनही केला, तर ते प्रदर्शनाला गेले होते. दिवाळी जवळ येत होती. शांताराम आणखी एकदा येऊन दारातूनच विचारून गेला. "न्हाय अजून?" "नाही अजून." एवढेच बोलणे.

मग एके दिवशी सकाळी जयंतराव स्वतःच तरातरा आले. हातात कॅटलॉगची जुडी. ती त्यांनी टेबलावर आपटली.

"वहिनी, हे बघा. नीट बघा. कशाचं चाक वाटतंय?"

मी बघितले. काळेभोर, ठळक, कोरे करकरीत चाक. आजूबाजूला काहीच नाही.

"प्रदर्शनात एक मोठा व्यापारी आला. फोटो बघून मला विचारतो, हे शिलाई मशीनचं आहे का? शिलाई मशीनचं! दोन माणसांना उचलत नाही ते चाक. आणि तो एकटा नव्हता. दुसऱ्याने विचारलं, खेळण्यातलं का."

आजोबांनी चष्मा वर केला. मला हसू येत होते ते मी गिळले. खरे तर मलाही आधी सुचले नव्हते. मोकळ्या पांढऱ्यावर ठेवलेल्या वस्तूला मापच नसते. शेजारी ओळखीचे काहीतरी लागते.

"कॅटलॉग परत छापायचाय," जयंतराव म्हणाले. "त्या फोटोत एक हात होता ना? तो हात आणा परत. म्हणजे माप कळेल."

"आणू या," मी म्हटले. सबंध चौरसाची कच्ची प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि नेहमीसारखे काटकोन त्यांच्या हातात दिले.

त्यांनी मनगटापर्यंत हात ठेवला. बघितले. "छे. हा तुटलेला हात चाकावर कुणी ठेवल्यासारखा वाटतोय."

"हो ना," मी म्हटले.

काटकोन सरकवून कोपरापर्यंत आणले. "आता भिंतीतून कुणीतरी हात बाहेर काढलाय."

मग त्यांनी ते खांद्यापर्यंत आणले. मान अर्धी आली, ती वाईट दिसत होती. मग मान पुरी आली, तर चेहरा डोळ्यांखाली कापला गेला. जयंतरावांच्या कपाळावर आठ्या पडल्या. इंजिनिअर माणूस, अर्धवट काही खपत नव्हते. काटकोन सरकत सरकत प्रतीच्या अगदी कडेला आले आणि पुढे सरकायला जागा उरली नाही. शांताराम सबंध आत होता.

"हेच बरं आहे," जयंतराव जरा नाराजीनेच म्हणाले. "चौरस छापायला सांगतो."

"बरं दिसतंय," मी म्हटले. "आता एक विचारू? या फोटोची एक प्रत शांतारामला द्यायची आहे. त्याच्या आईला दाखवायला."

त्यांनी मान वर केली. "डिझाइनचं मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं. पण जयंतराव, हाच फोटो तुम्ही आता गावोगावच्या व्यापाऱ्यांना वाटणार आहात. आरे सगळे दिसतायत. त्यात गारगोटीकडच्या एका म्हातारीची भर पडली तर काय होईल?"

ते पेनाचे टोपण उघडत आणि लावत म्हणाले, "डिझाइनचं एक कारण झालं. खरं सांगू? माणूस शेजारी उभा दिसला की बघणाऱ्याला ते चाक त्याचं वाटतं. माझं वाटत नाही."

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितले की मला ते आवडले. मी म्हटले, "कॅटलॉगवर तुमच्या फाउंड्रीचं नाव ठसठशीत आहे. त्याच्या भिंतीवर कुणाचंच नाव असणार नाही."

"आणि उद्या सगळेच मोल्डर मागायला लागले तर?"

"तर आमचा धंदा होईल," आजोबा कोपऱ्यातून म्हणाले.

जयंतराव हसले आणि ते हसले म्हणजे काम झाले. "द्या. पण फाउंड्रीकडून द्या. फ्रेम करून द्या. नाहीतर म्हातारी म्हणेल मालक कंजूष आहे."

त्या फोटोचे छापणे आणि फ्रेम मी कुणाला करू दिली नाही. चौरस फ्रेम करणे गमतीचे असते. आयताला दोन पट्ट्या लांब आणि दोन आखूड, त्यात थोडे इकडेतिकडे झालेले झाकते. चौरसाच्या चारही पट्ट्या सारख्या. एक केसभर जास्त झाली की कोपऱ्यात फट पडते आणि ती सांधावी म्हणून दुसरी घासली की फट पुढच्या कोपऱ्यात जाते. मी चारही पट्ट्या एकत्र बांधून एकदमच कापल्या. काच कापून घेतली, मागे पुठ्ठा, बारीक खिळे, त्यावर तपकिरी कागद. फ्रेम कागदात बांधून शांतारामच्या हातात दिली तेव्हा तो ती उघडून बघेल असे मला वाटले होते. त्याने पुडके छातीशी धरले आणि म्हणाला, "आता घरीच उघडतो." आणि यष्टी गाठायला पळाला.

दिवाळी झाली. आमचा हा मोसम गर्दीचा, त्यामुळे मला त्याची आठवण कामाच्या अधेमधेच येई. म्हातारीला पटले असेल का? एक दिवस दुपारी तो दारात उभा. मागे हिरव्या लुगड्यातली, डोईवर पदर घेतलेली, हसू दाबणारी एक मुलगी.

"ही सुमन," तो म्हणाला. एवढे सांगून थांबला, जणू बाकीचे आपोआप कळले.

"आणि आई काय म्हणाल्या?"

"आई?" आता तो खुर्चीवर बसला. "फोटो बघितला. मग भाईर उजेडात नेऊन बघितला. मला म्हनली, ह्ये चाक मातीतनं निघालं? म्हणलं, मातीच्या साच्यातनं. मग म्हनली, धरलंयस कशाला? म्हणलं, पडंल म्हणून. तर म्हनली, म्हणजे तू सोडलंस तर पडतंय? म्हणलं, व्हय. मग उठली. बुद्धांच्या तसबिरीशेजारी खिळा मारून घेतला माझ्याकडनं. फोटो लावला. आन् म्हनली, फोटो हितं ऱ्हाऊ दे, सून ने."

सुमन पदराआड हसली.

"तवा खोली घ्यायची हाय," शांताराम घाईने म्हणाला. "ही म्हनती, फोटोवाल्या वहिनीला आधी भेटायचं. मी तवर शेजारी च्या सांगून येतो."

तो गेला आणि सुमन टेबलापाशी आली. फोटोची कच्ची प्रत अजून माझ्याकडे होती. ती तिने दोन्ही हातांनी उचलली.

"ह्यातला येक मला मिळंल काय? घरचा फोटो आत्याबाईंनी ठिवून घेतला. मालकानं आता मोकळीक दिलीया म्हणं."

"मिळेल की. असाच सबंध देऊ?"

तिने मान हलवली. टेबलावरचे काटकोन तिने आधीच बघितले होते. "ह्ये असं सरकवायचं व्हय?" तिने ते प्रतीवर ठेवले आणि एकदम, मागेपुढे न करता, डाव्या बाजूचा काटकोन उजवीकडे ओढत आणला. आरे गेले. चाकाची कड गेली. खिडकीत फक्त शांताराम राहिला. बारीक, उंच, लांबुळका फोटो. त्याचा हात कशावर आहे तेही दिसत नव्हते, बोटे कडेशी जाऊन थांबली होती.

माझा इतक्या वर्षांचा सराव बोलला. "सुमन, थोडी कड राहू दे. चाक नको, पण जागा ठेव. फोटोत माणूस ज्या बाजूला बघतो त्या बाजूला मोकळी जागा ठेवायची असते. नाहीतर तो फोटोच्या बाहेर बघतोय असं दिसतं. हे बघ, त्याची नजर कुठे चाललीय."

तिने वाकून नवऱ्याची नजर बघितली. ती खरोखरच डावीकडे, फोटोच्या बाहेर जात होती.

"कशाकडं बघत्यात?"

"चाकाकडे."

तिने थोडा विचार केला. काटकोन तसूभरही हलवला नाही.

"आसंच कापा," ती म्हणाली. "त्या बाजूला मी बसंन की."

शांताराम चहा घेऊन आला तेव्हा मी कागद कापायला घेत होते. त्याने वाकून बघितले आणि ओरडला, "अगं, चाक कुठं हाय? मग ऱ्हायलं काय त्यात?"

सुमनने त्याच्या हातातला कप काढून माझ्यापुढे ठेवला. मी तिने दाखवलेल्या रेषेवर पाते ओढले. त्या मापाची काच कुणाकडेच नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी मुद्दाम कापून आणली.